कोकमाचा आयसी-५० दर वेळी वेगळा का येतो?

आधी प्रश्न थोडक्यात सांगते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. विचारणारी एमएस्सीची मुलगी आहे, मुंबईतच कॉलेज. प्रोजेक्ट आहे कोकमाच्या सालीच्या मेथॅनॉल एक्स्ट्रॅक्टची अँटीऑक्सिडंट ताकद डीपीपीएच नावाच्या जांभळ्या रसायनाने मोजायचा. टेस्ट ट्यूबमध्ये १ मिली एक्स्ट्रॅक्ट, ३ मिली ०.१ मिलीमोलर डीपीपीएच, अर्धा तास अंधारात, मग ५१७ नॅनोमीटरला रीडिंग. मंगळवारी कंट्रोल (एक्स्ट्रॅक्ट न घातलेली ट्यूब) ०.८४ होता, कोकमाचा आयसी-५० (अर्धं डीपीपीएच संपवायला लागणारं प्रमाण) आला २१० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि तुलनेला घेतलेल्या व्हिटॅमिन सीचा, म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा १३. शुक्रवारी त्याच बाटलीतलं डीपीपीएच वापरलं, कंट्रोल आला ०.५५, कोकम १३८, अ‍ॅस्कॉर्बिक ८.६. शिवाय एक्स्ट्रॅक्ट जास्त घातला की संपलेल्या डीपीपीएचची टक्केवारी वाढायच्या ऐवजी उतरते, ५०० मायक्रोग्रॅमला ८६ टक्के, १००० ला ८१, २००० ला ७४. गाईड म्हणतात पेपरशी जुळत नाही, परत कर. आणि शेवटी विचारलंय की थिसिसमध्ये कोकम अँटी-एजिंग आहे असं लिहिलं तर चालेल का.

मी वनौषधींच्या क्यूसी (दर्जा तपासणी) लॅबमध्ये बावीस वर्षं काढली, त्यातली निम्मी तरी याच जांभळ्या पाण्याकडे बघत गेली असतील. तुला तू म्हणते, माझी मुलगी तुझ्याच वयाची आहे.

पहिली गोष्ट, तुझं काम बिघडलेलं नाही. खरंच नाही. एक भागाकार करून बघ. मंगळवारचे २१० भागिले १३, सोळाच्या आसपास येतात. शुक्रवारचे १३८ भागिले ८.६, परत सोळाच. म्हणजे दोन्ही दिवशी तुझ्या कोकमाने आणि अ‍ॅस्कॉर्बिकने एकमेकांशी तंतोतंत तेच नातं ठेवलं, हललं ते फक्त डीपीपीएच. तुझा हात बरा आहे गं, बाटली शिळी होती. ०.५५ भागिले ०.८४ कर, ०.६५ येतं, आणि आयसी-५० सुद्धा दोन्ही बरोबर तेवढेच खाली आलेत.

असं का होतं ते समजून घे, कारण व्हायवाला हेच विचारतात आणि निम्मी मुलं इथेच गप्प होतात. डीपीपीएच हा रॅडिकल आहे, म्हणजे त्याच्याकडे एक इलेक्ट्रॉन जोडीदाराविना बसलाय, पण बाकीच्या रॅडिकलसारखा तो लगेच मरत नाही, बाटलीत टिकतो, म्हणून तर १९५८ पासून लोक त्याला वापरतायत. त्याला कोणी हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळ्याचा पिवळा होतो. आपण मोजतो ते एवढंच, किती जांभळा उरला. आयसी-५० म्हणजे अर्धा जांभळा घालवायला किती एक्स्ट्रॅक्ट लागला. आता पंगतीचा हिशोब लाव. २०० पुऱ्या तळल्या, त्यातल्या निम्म्या संपवायला समज वीस माणसं लागली. दुसऱ्या दिवशी पुऱ्याच १३० तळल्या तर निम्म्या संपवायला तेरा पुरतात. माणसांची भूक काही वाढली नाही, पुऱ्या कमी होत्या. तुझ्या शुक्रवारच्या कोकमाचं तेच झालं.

म्हणून पेपरशी जुळत नाही हे गाईडचं म्हणणं मला अर्धंच पटतं. कुठल्या पेपरशी? त्यांनी डीपीपीएच किती घेतलं होतं, १ ला ३ घातलं की ०.१ ला २.९, मेथॅनॉल की इथेनॉल, अर्धा तास की तासभर, साल ताजी की सुकी, आणि सगळ्यात गोंधळाची गोष्ट म्हणजे त्यांनी लिहिलेले मायक्रोग्रॅम हे घातलेल्या सोल्युशनचे की ट्यूबमध्ये सगळं मिसळल्यावरचे? हे न बघता दोन आकडे शेजारी ठेवणं म्हणजे दादरची भाजी किलोवर आणि पार्ल्याची जुडीवर घेऊन भाव लावण्यासारखं आहे.

या शेवटच्या गोंधळावर जरा थांबते, कारण तुझ्या आकड्यात तो आहे असं मला दिसतंय. कागदावरच कर. तुझ्या ट्यूबमध्ये मिसळल्यावर डीपीपीएच ०.०७५ मिलीमोलर होतं. अर्धं म्हणजे ०.०३७५. अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू पाडतो, म्हणजे लागलं ०.०१८७५ मिलीमोलर, त्याला रेणूभार १७६ ने गुणलं की ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. तुझा आलाय १३. तुझं १ मिली ट्यूबमध्ये ४ मिली झालं, म्हणून तेराला चाराने भाग, सव्वातीन! म्हणजे तू स्टॉकचं कॉन्सन्ट्रेशन लिहिलंयस, ट्यूबमधलं नाही. चूक नाही म्हणणार, बरेच लोक तसंच लिहितात, पण मग लिहायला हवं की हे घातलेल्या सोल्युशनचं आहे. नाहीतर कोणीतरी तुझे २१० दुसऱ्याच्या ५२ शी लावेल आणि म्हणेल मुंबईचं कोकम निकृष्ट.

हा हिशोब प्रत्येकाने एकदा तरी हाताने करावा असं माझं मत आहे. मी नवीन माणूस लॅबमध्ये आला की पहिल्या दिवशी झाडपाला देतच नाही, फक्त अ‍ॅस्कॉर्बिक देते आणि सांगते आधी उत्तर काढ, मग प्रयोग कर. कारण अ‍ॅस्कॉर्बिकचं उत्तर आधीच माहीत असतं. ०.१ मिलीमोलर डीपीपीएच ट्यूबमध्ये असेल तर साडेचारच्या जरा खाली, ०.०५ असेल तर सव्वादोनच्या आत. कोणी चाळीस घेऊन आलं की समजायचं, एकतर अ‍ॅस्कॉर्बिक कालचं आहे किंवा गुणाकार चुकलाय. (अ‍ॅस्कॉर्बिक रोज ताजं करायचं हे सांगायला नको, पाण्यात तर ते बघता बघता जातं.)

आता शुक्रवारचं डीपीपीएच का मेलं? त्याला उजेड सोसत नाही. तू लिहिलंयस फॉइल लावलं होतं, पण झाकणावर लावलंस का? आणि फ्रिजमधनं किती वेळा आत-बाहेर झालं? माझ्या मते तीन दिवसांचं सोल्युशन वापरायचंच नाही, सकाळी कर, संध्याकाळी टाक. पावडरची बाटली पण फ्रिजमधनं काढल्या काढल्या उघडू नकोस, मुंबईच्या ऑगस्टच्या हवेत थंड बाटली उघडली की आत घाम धरतो, पाव तास बाहेर राहू दे. आणि १०० मिलीला ३.९४ मिलीग्रॅम लागतं, ते कॉलेजच्या तीन आकडी काट्यावर नेमकं तोलता येत नाही, उगाच हट्ट करू नकोस. जेवढं येईल तेवढं घे, विरघळव, आणि कंट्रोल रोज एकाच रीडिंगवर आणून ठेव. तुझ्या प्रमाणात ०.८ ते ०.९ च्या आसपास ठीक आहे, तुझा मंगळवारचा ०.८४ मस्तच होता. तोच आकडा पकड आणि रोज तिथेच आण, मग प्रयोग सुरू.

उजेडावरून आमचा एक किस्सा सांगते. आमची जुनी लॅब अंधेरीला होती, पश्चिमेला मोठी खिडकी. जांभळाच्या बियांची पावडर यायची, तीन-तीन ट्यूब लावायचो, आणि तिसरी रांग कायम पाच-सहा टक्के जास्त स्कॅव्हेंजिंग (डीपीपीएच संपवणं) दाखवायची. पिपेटवर संशय घेतला, कॅलिब्रेशनला पाठवलं. मेथॅनॉलची बाटली बदलली. काम करणारा मुलगा बदलला बिचारा, त्याला वाटलं आपल्यामुळेच. जुलैमध्ये फरक आपोआप गेला, आम्ही खुश, पिपेटच होतं म्हणालो. ऑक्टोबरमध्ये परत आला. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला, तोही शब्दशः, चारच्या सुमाराला लाईट गेले म्हणून मी वर बघितलं तर उन्हाचा पट्टा सरळ रॅकच्या उजव्या टोकावर. पावसाळ्यात ऊन नव्हतं म्हणून फरक नव्हता. वर्षभराचे रिपोर्ट काढून बसावं लागलं आणि एका गिऱ्हाईकाला फोन करून सांगावं लागलं की तुमचा आकडा आम्ही जरा चांगलाच दिला होता. तेव्हापासून रॅकवर पुठ्ठ्याचा खोका, आणि कंट्रोलची एक ट्यूब सुरुवातीला, एक शेवटाला. दोन्ही कंट्रोल जुळले तरच मधलं सगळं खरं.

आता उतरणारी टक्केवारी. हे मला वाचल्या वाचल्या कळलं, कारण कोकम आहे. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिनचा, आणि तो ५२० च्या आसपास शोषतो. तू मोजतेस ५१७ ला. म्हणजे मशीनला उरलेला जांभळा आणि तुझ्या कोकमाचा लाल यातला फरक कळत नाही, ते सगळं मिळून रीडिंग देतं. बाकीच्या झाडांची अँथोसायनिनं साध्या मेथॅनॉलमध्ये फिकी पडतात, कोकमात मुळातच इतकं आम्ल की लाल टिकून राहतो. तर एक कलर ब्लँक लाव, १ मिली एक्स्ट्रॅक्ट अधिक ३ मिली साधं मेथॅनॉल, डीपीपीएच नाही. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनला वेगळा. तुझ्या २००० ला ७४ टक्के म्हणजे रीडिंग ०.२२ असणार. समज त्याच्या कलर ब्लँकला ०.१४ आलं, तर खरं उरलेलं ०.०८, म्हणजे नव्वद टक्के. १००० ला रंग निम्मा धर, तिथेही नव्वदच्या आसपास. उतार गेला, सपाट झाला, आणि तसाच व्हायला हवा, कारण झालेला पिवळा पदार्थ पण ५१७ ला थोडंसं शोषतो म्हणून शंभर टक्के कधी येतच नाहीत. कोणी ९९.८ लिहिलेलं दिसलं की मी पुढचं जपून वाचते.

वजाबाकी अगदी काटेकोर नसते हेही सांगते, कारण अँथोसायनिन स्वतः डीपीपीएचला इलेक्ट्रॉन देताना थोडं फिकं पडू शकतं. पण तुझा आयसी-५० खालच्या चार पॉइंटवरनं काढलायस, ते फार बरं केलंस, तिथे रंग नगण्य आहे. सगळ्या पॉइंटमधून एक्सेलची सरळ रेघ मारली असतीस तर वाट लागली असती. वीस ते ऐंशी टक्के यामधलेच पॉइंट घे, वरचे फक्त सपाटी दाखवायला.

अजून एक, रीडिंग घ्यायच्या आधी ट्यूब उजेडाला धरून बघ. गढूळ आहे का? मेथॅनॉल एक्स्ट्रॅक्टला होणार नाही बहुतेक, पण नंतर पाण्याचा काढा लावलास तर त्यातलं पेक्टिन मेथॅनॉलमध्ये साकळतं आणि मशीन त्या गढूळपणालाही रंगच समजतं. तेव्हा सेंट्रिफ्यूज कर, आणि पाण्याचं प्रमाण कमी ठेव, पाणी फार झालं की डीपीपीएच स्वतःच नीट विरघळलेलं राहत नाही.

अर्ध्या तासाबद्दल. अ‍ॅस्कॉर्बिक मिनिटाच्या आत काम संपवतं, पण झाडातली मोठी टॅनिन्स निवांत चालतात, कधी तासाभरानेही रीडिंग उतरतंच असतं. एक दिवस काढ आणि एकच कॉन्सन्ट्रेशन ५, १५, ३०, ६०, ९० मिनिटांना मोज, ग्राफ कुठे सपाट होतो ते बघ. तो ग्राफ थिसिसमध्ये टाक. परीक्षक खुश होतात, अनुभव आहे.

यातलं काय काय तुझ्या हातात नाही ते पण बोलू. तू लिहिलंस साल दादरला मार्केटमधनं घेतली. ऑगस्टमध्ये? कोकम एप्रिल-मेमध्ये पिकतं, पावसाच्या आत संपतं. म्हणजे तुला मिळालं ते आमसूल. आमसूल म्हणजे नुसती सुकलेली साल नाही, ती कोकमाच्याच रसात बुडवून उन्हात, परत बुडवून परत उन्हात, आणि बहुतेक ठिकाणी मीठ लावून. तुझ्या १० ग्रॅममध्ये किती साल, किती मीठ, किती आटलेला रस? आणि इतक्या उन्हात अँथोसायनिनपण बरंच गेलेलं असणार. हे वाईट आहे असं नाही, लोक खातात ते आमसूलच, तर त्याची टेस्ट करणं उलट जास्त उपयोगाचं. फक्त थिसिसच्या नावात आमसूल लिही, आणि पेपरमध्ये कोणी झाडावरनं काढून सावलीत वाळवलेली साल घेतली असेल तर आकडा जुळायची अपेक्षा सोड. कशात काढतेस तेही महत्त्वाचं, पाण्यात अँथोसायनिन आणि आम्लं उतरतात, गार्सिनॉल नावाचा पिवळा पदार्थ आहे तो पाण्यात जवळजवळ येतच नाही, त्याला मेथॅनॉल लागतं. दोन्ही कोकमच, पण दोन वेगळ्या गोष्टी मोजतेस.

झाडाची ओळख पटवलीस का? नसेल तर गावाकडनं कोणाला सांगून पानांसकट फांदी मागव आणि झेवियर्सच्या ब्लॅटर हर्बेरियमला (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला) दाखव, मुंबईत सगळे तिथेच जातात. वाळलेल्या सालीवरनं ते काय सांगणार. तुला वाटेल कोकम कोण चुकणार, पण गुळवेलीचं काय झालं आठव, कोविडच्या काळात लोकांनी काढे प्यायले आणि २०२१ मध्ये मुंबईतल्याच डॉक्टरांनी लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची नोंद छापली, मग त्यावर आयुष मंत्रालयाने म्हटलं की वेल कुठली होती तेच आधी नीट ठरवायला हवं होतं, दुसरी जात असू शकते. तो वाद बाजूला ठेव, पण ओळखीचा कागद फाईलला असलेला बरा.

परत करायचंच असेल तर माझं ऐक, डीपीपीएच दहादा करण्यापेक्षा एक दुसरी टेस्ट जोड. तुझ्यासाठी एबीटीएस, तोही असाच रंगीत रॅडिकल. ७ मिलीमोलर एबीटीएस, त्यात २.४५ मिलीमोलर होईल इतकं पोटॅशियम परसल्फेट, रात्रभर अंधारात, बारा ते सोळा तास, सकाळी हिरवानिळा रंग, तो ७३४ ला ०.७० पर्यंत पातळ करायचा. ७३४ ला कोकमाचा लाल काहीच शोषत नाही, म्हणजे तुझी रंगाची कटकटच मिटली, आणि पाण्यातही चालतं. फ्रॅप नावाची टेस्ट करायची तर कर, चांगली आहे, पण ती फक्त लोखंडाला इलेक्ट्रॉन देण्याची ताकद मोजते, त्यात रॅडिकल नसतोच. फोलिनची टेस्ट तर सगळे करतातच, फक्त त्याला टोटल फिनॉल म्हणताना मनात ठेव की व्हिटॅमिन सी आणि काही साखरासुद्धा त्याला निळं करतात. हायड्रॉक्सिल रॅडिकलच्या टेस्टच्या वाट्याला जाऊ नकोस, तुझा एक्स्ट्रॅक्ट डीएमएसओ या द्रावकात असेल तर डीएमएसओ स्वतःच ते रॅडिकल खातो, आणि तू समजशील कोकमाने खाल्ले.

आता अँटी-एजिंग. नाही. लिहू नकोस.

चिडू नकोस, कारण सांगते. म्हातारपण फ्री रॅडिकलमुळे येतं ही कल्पना हार्मन नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ मध्ये मांडली, कल्पना सुंदर होती, त्यावरनं सगळ्यांनी सरळ हिशोब लावला की रॅडिकल वाईट, तर अँटीऑक्सिडंट चांगले, जितके जास्त तितके बरे. मग फिनलंडमध्ये २९,१३३ पुरुष स्मोकर्सवर मोठी ट्रायल झाली, काहींना रोज २० मिलीग्रॅम बीटा कॅरोटीन, हेही अँटीऑक्सिडंटच. १९९४ ला निकाल आला, बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त. कमी नाही, जास्त. अमेरिकेतली तशीच दुसरी ट्रायल १९९६ मध्ये मधेच थांबवावी लागली. म्हणजे ट्यूबमध्ये छान वागणारी गोष्ट माणसात तशी वागेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याकडे पदार्थांच्या अँटीऑक्सिडंट ताकदीची मोठी यादी होती, ती त्यांनी २०१२ मध्ये वेबसाईटवरनं काढूनच टाकली, कारण कंपन्या तो आकडा पाकिटावर छापून विकायला लागल्या होत्या.

आणि डीपीपीएच शरीरात असतो कुठे? तिथे सुपरऑक्साईड असतो, हायड्रॉक्सिल असतो, त्यांना आवरायला शरीराचे स्वतःचे एन्झाईम आहेत, आणि थोडे रॅडिकल शरीराला कामासाठी लागतातसुद्धा, पांढऱ्या पेशी जंतू मारायला तेच वापरतात. तू प्यायलेल्या कोकम सरबतातलं अँथोसायनिन पोटातून रक्तात जातं ते अगदी किंचित, आणि तेही बदललेल्या रूपात. मेथॅनॉल भरलेल्या ट्यूबमधनं रक्तापर्यंत उडी मारता येत नाही.

मग लिहायचं काय? एवढंच, की आमसुलाच्या मेथॅनॉल एक्स्ट्रॅक्टमध्ये डीपीपीएच आणि एबीटीएस रॅडिकलला इलेक्ट्रॉन देण्याची क्षमता आढळली, आणि वजनाला वजन धरलं तर डीपीपीएचच्या बाबतीत ती या परिस्थितीत अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिडच्या साधारण सोळाव्या भागाइतकी आहे. मला विचारशील तर हे छोटं वाक्य नाही. अ‍ॅस्कॉर्बिक शुद्ध रसायन आहे आणि तुझ्याकडे मीठ, साखर, आम्ल सगळं धरून अख्खं आमसूल आहे, त्यात सोळावा भाग म्हणजे कोकमाने बरं काम केलंय. गाईडना पण आयसी-५० च्या जोडीला हा भागाकारच दाखव, तो मंगळवारी आणि शुक्रवारी हलला नाही हे त्यांनाही दिसेल, आणि पेपरशी जुळवायची भाषा कदाचित आपोआप बंद होईल. नाही झाली तर त्या पेपरचा रेणूभाराचा हिशोब त्यांच्यासमोर मांड, आवाज न चढवता.

उद्या लॅबला गेलीस की आधी नुसतं ताजं डीपीपीएच आणि अ‍ॅस्कॉर्बिक, कोकमाला हात लावू नकोस. ट्यूबमधलं कॉन्सन्ट्रेशन धरून ३.३ च्या जवळ आलं तरच पुढे जा, कलर ब्लँक लावून. ट्यूबना झाकण लाव, पंख्याखाली मेथॅनॉल उडतं. रीडिंग आली की इथे टाक, मी संध्याकाळी सातनंतर लोकलमध्ये बसायला मिळालं तर बघते, आणि टाकताना कंट्रोलचे दोन्ही आकडे, पहिल्या ट्यूबचा आणि शेवटच्या, सगळ्यात वर लिही.